ऑफिसच्या मागे कचरा जळतो, तेव्हा तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमारास कंपनीच्या बसमधून उतरलं की आधी वास येतो. जळक्या प्लास्टिकचा, घशाला लागणारा. आमच्या इमारतीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे आणि त्याच्या कडेने ओढा जातो. तिथे रात्री कुणीतरी कचऱ्याचा ढीग पेटवतं आणि तो सकाळपर्यंत धुमसत राहतो. आम्ही दोन मिनिटांत नाक दाबून लिफ्टमध्ये शिरतो. गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांना मात्र बारा तास तिथेच बसायचं असतं. एकदा थांबून विचारलं तर म्हणाले, "रोजचंच आहे मॅडम. आधी डोळे चुरचुरायचे, आता सवय झाली." ती सवय ऐकून मला राहवलं नाही. त्या आठवड्यात मी चार ठिकाणी फोन केले. चारही ठिकाणी माणसं नीट बोलली आणि चारही ठिकाणांहून एकच उत्तर आलं: "ते आमच्या हद्दीत येत नाही."

मग ती जागा कुणाच्या हद्दीत येते? हे शोधताना जे कळलं ते इथे मांडते आहे. आमचा पट्टा पुण्याच्या कडेला आहे, पण हे चित्र महाराष्ट्रातल्या बहुतेक औद्योगिक भागांत ओळखीचं वाटेल.

धुरात काय असतं

घरात शेगडीवर लाकूड जळतं तसा कचरा जळत नाही. ढिगात ओल्या भाज्या, खरकटं, पिशव्या, थर्माकोल, कापडाच्या चिंध्या, वायरींचे तुकडे असं सगळं एकत्र असतं. ओलाव्यामुळे आग तापत नाही आणि ढीग घट्ट असल्याने आत हवा शिरत नाही. म्हणून ज्वाळा कमी आणि धूर जास्त. कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पांत भट्टीतला वायू ८५० अंश सेल्सिअसच्या वर किमान दोन सेकंद ठेवावा लागतो, शिवाय धूर गाळणारी यंत्रणा असते. ही सगळी खबरदारी एवढ्यासाठीच, की अर्धवट जळण्यातून जे तयार होतं ते फार घातक असतं. रस्त्याकडेच्या ढिगाला यातलं काहीच नसतं.

अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी निघते. त्याबरोबर २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण निघतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या कणांच्या आकाराचा अंदाज यावा. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठेवली. भारताचं मानक ६० आहे. म्हणजे मोबाइलवर हवा आपल्या मानकात बसते असं दिसलं, तरी ती चांगली असतेच असं नाही. शिवाय हवा मोजणारं यंत्र तुमच्या गेटपासून काही किलोमीटर दूर असतं. भिंतीमागचा धूर त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत विरळ झालेला असतो. काकांच्या खुर्चीजवळ तो विरळ नसतो.

सगळ्यात वाईट भाग पीव्हीसीचा. वायरींचं आवरण, पाइप, जुन्या फ्लेक्सचे बॅनर यात पीव्हीसी असतं आणि पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. कमी तापमानाला ते जळलं की डायऑक्सिन नावाची रसायनं तयार होतात. त्यातलं सर्वांत विषारी रसायन माणसाला कर्करोग करतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्पष्ट केलं. डायऑक्सिन धुराबरोबर विरून जात नाही. ते मातीवर, गवतावर बसतं, तिथून गायी-म्हशींच्या आणि माशांच्या चरबीत साठतं आणि पुढे दूध-मासळीतून आपल्या ताटात येतं. आमच्या त्या प्लॉटवर संध्याकाळी शेजारच्या गावातल्या म्हशी चरतात.

हिवाळ्यातच हे जास्त का जाणवतं? एरवी जमिनीजवळची हवा तापून वर जाते आणि धूर घेऊन जाते. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्याजवळची हवाही गार आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. खालचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. टेकड्यांमध्ये वसलेल्या पुण्यासारख्या भागात तो सकाळी नऊ-दहापर्यंत हलत नाही. नेमकी हीच आपली ऑफिसला पोहोचायची वेळ.

पेटवतं कोण?

याचं उत्तर एका माणसात सापडत नाही. झाडलोट करणारे कामगार पालापाचोळ्याचे ढीग पेटवतात, कारण तो उचलायला गाडी येत नाही आणि उद्या पुन्हा झाडायचंच असतं. रात्रपाळीचे वॉचमन थंडीत शेकोटी करतात. हाताला लाकूड लागत नाही, तेव्हा पुठ्ठा आणि प्लास्टिक टाकतात. तांबं काढण्यासाठी वायरी जाळणारे असतात. टपऱ्या रात्री बंद होताना दिवसभराचे कागदी कप आणि पत्रावळ्या मागे नेऊन पेटवल्या जातात. आणि कचरा वाहून नेणारे काही कंत्राटदारही असतात. कचरा डेपो लांब, डिझेल महाग आणि तिथे वजनावर पैसे भरावे लागतात. मोकळ्या प्लॉटवर गाडी उलटी केली की खेप फुकटात होते. पेटवलं की ढीग बसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा होते.

काही वेळा कुणी काडी लावावीच लागत नाही. ओला कचरा दाबून पडला की आत हवा नसल्याने तो कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. हा वायू पेट घेतो आणि आग वरून न दिसता आतल्या आत दिवसेंदिवस पसरते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेली आग आठवत असेल. १९२७ पासून कचरा घेणारी ती जागा अनेक दिवस जळत राहिली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कोचीत मार्च २०२३ मध्ये ब्रह्मपुरमचा डेपो जवळजवळ दोन आठवडे धुमसत होता. त्याच्यापासून काही किलोमीटरवर त्या शहराचा आयटी पार्क आहे. पर्यावरणाच्या खटल्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेव्हा कोची महापालिकेला १०० कोटी रुपयांची भरपाई लावली. आपल्या भिंतीमागचा ढीग त्या मानाने लहान आहे, पण आत घडतं ते तेच.

या यादीत झाडूवाल्या ताई आणि वॉचमन काका येतात, म्हणून पुढचं सांगणं गरजेचं आहे. दंड वसूल करायची वेळ आली की सगळ्यात आधी हीच माणसं सापडतात, कारण ती जागेवर असतात. मला हे पटत नाही. ज्याच्या हातात काडी आहे त्याच्या हातात दुसरा पर्याय कुणी दिलाच नव्हता. पालापाचोळा उचलायची गाडी लावणं मुकादमाचं काम आहे आणि वॉचमनला केबिन, गरम कपडे आणि साधा हीटर देणं कंपनीचं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही हे वेगळं लिहिलं होतं: झाडलेला पाला जाळू नका, वेगळा साठवा, अशी सूचना सफाई कामगारांना स्थानिक संस्थेने द्यायची. म्हणजे ती जबाबदारी नियमाने कामगारावर टाकलेली नव्हती, त्याच्या वर बसलेल्या यंत्रणेवर टाकली होती.

ऑफिसच्या जागेला वाली का नसतो

राहत्या सोसायटीबाहेर ढीग साठला तर चार दिवसांत आरडाओरडा होतो. सोसायटीचे अध्यक्ष नगरसेवकाला फोन लावतात, नगरसेवक आरोग्य निरीक्षकाला आणि घंटागाडी फेरी मारून जाते. ही साखळी मतावर चालते. ऑफिसच्या परिसरात दिवसा हजारो माणसं असतात, पण तिथे मत कुणाचंच नसतं. माझं मत कोथरूडला आहे, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं नांदेडला. संध्याकाळी बस सुटली की आमचा त्या जागेशी संबंध संपतो. गावातली माणसं तिथेच झोपतात, धूर त्यांच्याही घरात जातो, पण त्यांना वाटतं हा कचरा कंपन्यांचा आहे, कंपन्यांनी बघावं. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

त्यात हद्दींचा गुंता. हिंजवडीचं उदाहरण घेऊ, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं, म्हणजे एमआयडीसीचं. १९६२ पासून राज्यातल्या औद्योगिक वसाहतींची आखणी, रस्ते, पाणी हे महामंडळ बघतं. पण ही वसाहत मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या जमिनीवर उभी आहे आणि तिथे ग्रामपंचायती आहेत. आजूबाजूच्या पट्ट्याचं नियोजन २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. वाकडला आलात की पिंपरी-चिंचवड महापालिका सुरू होते, मुळा नदी ओलांडून बालेवाडीला गेलात की पुणे महापालिका. हवा आणि पाणी यांच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणारं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणखी वेगळं. एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूचा ढीग एकाचा आणि उजव्या बाजूचा दुसऱ्याचा, असं इथे सहज होऊ शकतं. नाल्यात पडलेला तर कुणाचाच नाही असं सांगितलं जातं.

एका गावाच्या ग्रामपंचायतीसाठी आखलेली सफाईची व्यवस्था दिवसा लाखभर माणसं येणाऱ्या भागाला पुरणार नाही, हे समजण्यासारखं आहे. छोट्या ग्रामपंचायतीकडे दोन ट्रॅक्टर आणि मोजके कामगार असतात. तिथल्या ग्रामसेवकाशी मी बोलले तेव्हा मला राग आला नाही, वाईट वाटलं. त्यांच्याकडे टाकायला जागाच नव्हती. पण "पुरत नाही" हे वेगळं आणि "आमचं काम नाही" हे वेगळं. पहिलं खरं आहे. दुसरं कायद्यात टिकत नाही.

कायदा कुणावर काय टाकतो

सुरुवात कचरा करणाऱ्यापासून. २०१६ च्या नियमांनी हे स्वच्छ शब्दांत लिहिलं: ज्याच्याकडे कचरा तयार होतो त्याने तो वेगळा करायचा आणि रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात किंवा पाण्यात टाकायचा नाही, पुरायचा नाही, जाळायचा नाही. हे घरालाही लागू, टपरीलाही आणि कंपनीलाही.

कंपनीसाठी पुढचं पाऊल आहे. दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनेला नियमांनी 'मोठा कचरा उत्पादक' ठरवलं आणि त्यात खासगी कंपन्यांच्या इमारतींचं नावच घेतलं. १०० किलो ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण एका इमारतीत १,००० माणसं जेवतात आणि प्रत्येकामागे १०० ग्रॅम खरकटं आणि कप-कागद निघतात असं धरा, १०० किलो तिथेच झाले. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, खत किंवा बायोगॅस करायचा आणि उरलेला अधिकृत यंत्रणेकडे द्यायचा, असंही त्यात होतं. औद्योगिक वसाहत आखतानाच पुनर्वापराच्या केंद्रासाठी किमान ५ टक्के जागा किंवा ५ भूखंड राखायचे, ही तरतूदही त्याच नियमांत होती. तुमच्या वसाहतीच्या नकाशात ते भूखंड कुठे आहेत, हा प्रश्न विचारून बघा. मी विचारला आहे.

मग स्थानिक संस्था. महापालिका असेल तर प्रश्नच नाही, कचरा गोळा करणं हे तिचं बंधनकारक काम आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतही हे नियम आपोआप गळून पडत नाहीत. मोठ्या शहराला लागून वाढलेली गावं, जनगणनेत शहर म्हणून धरलेली गावं आणि औद्योगिक वसाहती, सगळ्यांना २०१६ च्या नियमांनी आपल्या कक्षेत घेतलं.

त्यांच्यावर जिल्हाधिकारी. कचऱ्यासाठी जागा मिळवून द्यायची आणि स्थानिक संस्थांच्या कामाचा दर तीन महिन्यांनी एकदा आढावा घ्यायचा, हे काम नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांना नेमून दिलं. लोकांना हे माहीतच नसतं. हद्दीच्या वादात दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर दोघांच्याही वर असलेलं आणि दोघांनाही बोलावू शकणारं कार्यालय जिल्हाधिकाऱ्यांचं आहे. माझ्या चार फोनांनंतर हा पाचवा फोन मी केला नाही, ही माझी चूक झाली.

प्रदूषण नियंत्रण मंडळ कचरा उचलत नाही. पण नियम पाळले जातात की नाही हे तपासणं आणि मंडळ कारखान्यांना देतं त्या संमतीपत्राच्या अटी मोडणाऱ्या कारखान्यावर कारवाई करणं त्याच्या अधिकारात आहे. ढिगात रंगाचे डबे, तेलकट चिंध्या, रसायनांचे पिंप दिसले तर तो साधा कचरा राहत नाही. त्याच्यासाठी घातक कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, वाहतुकीची कागदपत्रं लागतात आणि तो रांजणगाव किंवा तळोजासारख्या सामाईक केंद्रावरच जायला हवा. अशा वेळी थेट मंडळाकडे जा. हात लावू नका आणि कुणाला विझवायला पाठवू नका, कारण काही रसायनांवर पाणी पडलं की आणखी भडका होतो.

जाळण्याबद्दल आणखी एक ठाम आदेश आहे. पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुरू केलेलं कचऱ्याचं प्रकरण पुढे हरित न्यायाधिकरणाकडे आलं. २२ डिसेंबर २०१६ रोजी न्यायाधिकरणाने देशभर उघड्यावर कचरा जाळायला पूर्ण बंदी घातली, डेपोच्या जागाही त्यात आल्या. साधं जाळणं असेल तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये भरपाई, असे आकडेही घालून दिले.

मला ढिगात काय सापडलं

एका दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत त्या प्लॉटवर गेले. सोबत हाऊसकीपिंगच्या एक ताई होत्या, त्याच म्हणाल्या, चला दाखवते. अर्धवट जळलेल्या ढिगात मला नाश्त्याच्या ताटल्यांची चांदीसारखी वेष्टणं दिसली, कागदी कप दिसले आणि त्यांच्यात आमच्याच रिसेप्शनवर पाहुण्यांना दिले जाणारे चिकट पास दिसले. तारीख मागच्या आठवड्यातली. ताई म्हणाल्या, "आम्ही ओला-सुका वेगळा करूनच देतो. गाडीत एकत्र टाकतात, पुढचं आम्हाला काय माहीत."

तोवर मी हा प्रश्न शेजाऱ्यांचा समजत होते. त्या पासांनंतर तो आमच्या अॅडमिन विभागाचा झाला. ज्या कंत्राटदाराला कंपनी दर महिन्याला पैसे देते, त्याची गाडी गेटबाहेर पडल्यावर कुठे जाते, हे कुणीच विचारलेलं नव्हतं. बिलावर 'कचरा उचलणे, प्रति महिना' एवढंच लिहिलेलं. किती किलो, कोणत्या केंद्रावर पोहोचला, तिथली वजनाची पावती कुठे आहे, काहीच नाही.

मला वाटतं, नोकरदार माणसाच्या हातात सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात जोरकस हत्यार हेच आहे. ग्रामपंचायतीला हलवायला महिने लागतात. आपल्याच कंपनीच्या अॅडमिनला ईमेल लिहायला दहा मिनिटं लागतात. त्यात तीनच गोष्टी मागा: कंत्राटदाराकडे कोणती परवानगी आहे, कचरा कोणत्या केंद्रावर जातो आणि मागच्या तीन महिन्यांच्या वजनाच्या पावत्या. पावती नाही तर बिल नाही, ही एक ओळ करारात आली की गाडी प्लॉटवर उलटी करण्यातला फायदाच संपतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आणि पहिल्या १,००० मोठ्या कंपन्यांपैकी असेल, तर २०२२-२३ पासून तिला दरवर्षीच्या अहवालात किती टन कचरा निर्माण झाला आणि त्याचं काय केलं हे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानुसार जाहीर करावं लागतं. तो अहवाल संकेतस्थळावर असतो. त्यातला आकडा काढा, पावत्यांच्या बेरजेशी ताडून बघा आणि फरक असेल तर तो ईमेलमध्ये लिहा. अॅडमिनच्या साहेबांना हवेचा विषय लांबचा वाटू शकतो, अहवालातला चुकीचा आकडा लांबचा वाटत नाही.

कचरा नीट वेगळा झाला तर तो जाळण्याजोगा उरतच नाही, हेही पुण्यात सिद्ध झालेलं आहे. १९९३ मध्ये इथल्या कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि २००८ मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था दारोदारचं काम करू लागली. कोरडा आणि स्वच्छ राहिलेला पुठ्ठा, बाटली, पत्रा यांना भंगारात भाव मिळतो, म्हणून कुणी ते पेटवत नाही. त्यावर उरलेली आमटी सांडली की भाव शून्य. ताटातलं उरलेलं एका डब्यात आणि कप दुसऱ्या डब्यात टाकायला जो अर्धा सेकंद लागतो, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

तक्रार करताना

आग दिसत असेल तर आधी १०१ किंवा ११२. एमआयडीसीच्या मोठ्या वसाहतींत स्वतःचं अग्निशमन केंद्र असतं, त्याचा क्रमांक सिक्युरिटीच्या केबिनमध्ये लावून ठेवा. बंबाच्या फेरीची केंद्रात नोंद होते आणि त्या नोंदी पुढे फार उपयोगी पडतात. 'रोज आग लागते' हे आपलं म्हणणं राहतं, 'गेल्या दोन महिन्यांत सहा वेळा बंब आला' हा सरकारी कागद होतो.

फोटो काढताना तारीख, वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश उमटवणारं ॲप वापरा. गाडीचा क्रमांक दिसला तर उत्तम. माणसांचे चेहरे टाळा, वर सांगितलं त्याच कारणासाठी.

जमिनीचा गट क्रमांक किंवा भूखंड क्रमांक शोधा. 'अमुक कंपनीच्या मागे' असं लिहिलेली तक्रार हद्दीच्या वादात सहज अडकते. गट क्रमांक लिहिला की तलाठ्याच्या नोंदीत मालक कोण आणि क्षेत्र कुणाकडे हे ठरलेलं असतं, तिथे चर्चेला जागा राहत नाही. सातबारा महाभूलेखवर बघता येतो, एमआयडीसीचा भूखंड असेल तर महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात नकाशा असतो. मोकळ्या प्लॉटच्या मालकालाही कुंपण घालून जागा स्वच्छ ठेवण्याची नोटीस काढता येते, हे विसरलं जातं.

मग एकच पत्र लिहा आणि सगळ्यांना द्या: ग्रामपंचायत किंवा महापालिका, एमआयडीसी, प्रदूषण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आणि जिल्हाधिकारी. प्रत्येकाचं नाव प्रत्येकाला दिसलं पाहिजे. वेगवेगळी पत्रं दिली की प्रत्येकाला दुसऱ्याकडे पाठवायची सोय राहते. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. 'आपले सरकार' पोर्टलवर तीच तक्रार टाकली की क्रमांक मिळतो.

महिन्याभरात काही झालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. त्यात 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, कारणं द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा: माझ्या अर्जावरच्या टिपणीची प्रत, संबंधित गटाच्या मालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत, कचरा वाहतुकीच्या ठेक्याची प्रत.

त्यानंतरची पायरी लोक सहसा चढत नाहीत, पण ती जुनी आणि भक्कम आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश प्रांताधिकारी किंवा तहसीलदार दंडाधिकारी म्हणून देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी याच कलमाखाली आपल्या नगरपालिकेला गटारं आणि घाणीबद्दल दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं होतं. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैसे नाहीत हे कारण सांगून नगरपालिकेला आपलं मूळ कर्तव्य टाळता येणार नाही. "आमच्याकडे गाडी नाही" असं उत्तर मिळालं की मला रतलाम आठवतं.

आणि शेवटी हरित न्यायाधिकरण. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. वकिलाशिवाय स्वतः अर्ज करून बाजू मांडता येते. मूळ घटनेपासून सहा महिन्यांत जावं लागतं, म्हणून पहिल्या दिवसापासून तारखा लिहून ठेवायच्या.

आमच्याकडे सध्या गोष्ट अर्ध्यावर आहे. अॅडमिनने कंत्राट बदललं आणि फेब्रुवारीपासून वजनाच्या पावत्या येतात. त्या मी दर महिन्याला मागून बघते. आमचे पास आता ढिगात दिसत नाहीत, दुसऱ्या दोन कंपन्यांचे दिसतात. त्यांच्या अॅडमिनचे ईमेल पत्ते मिळवून फोटो पाठवले, एकीचं उत्तर आलं आहे. माहितीच्या अधिकारातून कळलं की प्लॉटच्या मालकाला नोटीस गेली. कुंपण अजून लागलेलं नाही. गेटवरच्या काकांना कंपनीने हीटर दिला आहे आणि त्यांची छातीची तपासणी येत्या शनिवारी ठरली आहे. ताई त्यांच्यासोबत जाणार आहेत.